खंड्याची पालखी आणि घरची मनी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या धारणीत कोणत्याही घरी जा, चहा येईपर्यंत त्या घरच्या कुत्र्याची नाहीतर मांजराची एक तरी गोष्ट ऐकायला मिळतेच. कुणाचा काळ्या म्हणे पोरांना शाळेच्या फाटकापर्यंत सोडतो आणि मगच घरी येऊन भाकर खातो. कुणाचा शेरू पोस्टमनला काही करत नाही, पण उघडी छत्री दिसली की अंगावर धावून जातो. कुणाची मनी चुलीच्या कोमट राखेत झोपते आणि तशीच राखाडी होऊन पाहुण्याच्या मांडीवर येऊन बसते. सांगणाऱ्याचा सूर लेकराचे कौतुक सांगावे तसा असतो. मी इतिहासाचा माणूस. हे ऐकताना माझ्या मनात येते, आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या घरीही अशीच हट्टी, लाडावलेली, भित्री, चोरटी कुत्री-मांजरे असणारच. मग ती गेली कुठे? आपल्या कागदपत्रांत ती का सापडत नाहीत?

अगदीच सापडत नाहीत असे नाही. महाभारताचेच पाहा. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाजवळ सरमेचे पिल्लू येते. त्याने हविष्याला तोंडही लावलेले नसते, तरी राजाचे भाऊ त्याला मारतात आणि सरमा येऊन जाब विचारते. शेवटी स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडून आत जायला युधिष्ठिर नकार देतो. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या एका टोकाला मार खाणारे पिल्लू आणि दुसऱ्या टोकाला साथ न सोडणारा कुत्रा! पण त्या दोघांचा रंग कोणता, सवयी काय, हे व्यासांनी सांगितलेले नाही. ते धर्माचा प्रश्न उभा करायला येतात आणि काम झाले की जातात.

आपल्या विदर्भात नागपूरजवळ माहुरझरीला महापाषाणयुगातली शिळावर्तुळे उकरली, तेव्हा माणसांसोबत पुरलेले घोडे सापडले. घोड्याच्या तोंडावर तांब्याचे अलंकार होते. लढाईत उपयोगी पडणाऱ्या जनावराचा असा मान. काश्मीरमध्ये बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन वस्तीत मात्र माणसाबरोबर कुत्रा पुरलेला आढळला आहे. त्या माणसाचे आणि त्या कुत्र्याचे काय नाते होते ते हाडे सांगत नाहीत, पण काहीतरी होते खास.

कधीकधी जे हाडांत नसते ते शब्दांत असते. आमच्या मेळघाटातली कोरकू भाषा मुंडा कुळातली, त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची. कोरकूत कुत्र्याला ‘सिता’ म्हणतात. (रामायणातल्या सीतामाईशी याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो.) तिकडे झारखंडात संताळी आणि मुंडारी बोलणारे कुत्र्याला ‘सेता’ म्हणतात. शेकडो मैलांचे अंतर आणि किती पिढ्यांची ताटातूट, तरी शब्द एकच. याचा अर्थ असा की ही माणसे एकमेकांपासून वेगळी होण्याच्या आधीच कुत्रा त्यांच्या अंगणात आला होता. वाघाचेही तसेच, इकडेही ‘कुला’, तिकडेही ‘कुला’. आमच्याकडे तर त्याला ‘कुला मामा’ म्हणतात. वाघ आणि वाघाला पाहून घरात पळणारा कुत्रा, दोघेही शब्दरूपाने या लोकांबरोबर चालत आले.

मांजराचा स्वभाव तर त्याच्या नावातच आहे. ‘मांजर’ हा शब्द संस्कृत ‘मार्जार’वरून आला आणि ‘मार्जार’च्या मुळाशी पुसणे, स्वच्छ करणे हा अर्थ आहे. म्हणजे फार पूर्वी कुणीतरी उन्हात बसून पंजा चाटून तोंड पुसणारी मनी निवांतपणे पाहिली आणि तिच्या त्या खोडीलाच तिचे नाव करून टाकले. मांजराबद्दलची मला ठाऊक असलेली ही सर्वांत जुनी आणि सर्वांत नेमकी नोंद.

आता कागदांकडे वळू. मराठ्यांच्या इतिहासात कुत्र्याचे नाव काढले की नव्वद टक्के लोक ‘वाघ्या’ म्हणतील. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ त्याचे स्मारक आहे. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली अशी कथा आहे. पण महाराज गेले १६८० साली आणि त्यांच्या काळाच्या कोणत्याही कागदात हा कुत्रा नाही. जिंजीला राजाराम महाराजांच्या पदरी असताना कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली, तीतही तो नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकामुळे वाघ्या मराठी घराघरात पोचला. गडकरी १९१९ साली आपल्या विदर्भातच, सावनेरला वारले. पुढे इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून १९३६ साली स्मारक झाले. २०११ मध्ये तो पुतळा काढून टाकण्यात आला, नंतर पुन्हा बसवला गेला आणि २०२५ मध्ये तो हटवण्याची मागणी पुन्हा झाली. त्या वादात मला इथे शिरायचे नाही. मला वाटते ते एवढेच की, ज्या कुत्र्याचा कागद नाही त्याच्यावरून माणसे हमरीतुमरीवर येतात आणि ज्याचा कागद आहे त्याचे नाव आपल्या वऱ्हाडात क्वचितच कुणाला ठाऊक असते.

त्याचे नाव खंड्या. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात त्या संगम माहुलीला त्याची समाधी आहे आणि तीवर दगडात कोरलेला कुत्रा बसलेला आहे.

खंड्याची हकिकत ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. पेशवाई बुडाल्यावर हा ब्रिटिश अधिकारी काही वर्षे साताऱ्यालाच होता, तेव्हा दरबारातल्या जुन्या गोष्टी त्याच्या कानावर आल्या असतील, कागदही पाहायला मिळाले. तो सांगतो ते असे. शिकारीत वाघापासून या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला होता. पुढे उतारवयात धाकटी राणी वारली आणि त्या धक्क्याने महाराजांचे चित्त काही काळ ठिकाणावर राहिले नाही. मराठा सरदार भेटीला यायचे होते. भर दरबारात महाराजांनी कुत्र्याला जरीचे वस्त्र घातले, दागिने चढवले आणि स्वतःच्या डोक्यावरची पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. मन सावरल्यावरही त्यांनी स्वतःच्या डोक्यावर पुन्हा काही घातले नाही, ते बोडक्या डोक्यानेच राहिले. कुत्र्याच्या नावे त्यांनी रीतसर सनद करून जहागीर दिली, पालखीचा मान दिला. दरबाराने महाराजांचे मन मोडले नाही. पालखीचा सरंजाम चालू राहिला.

डफसाहेब हे सगळे राजाच्या लहरी म्हणून नोंदवतो. साहेबाच्या डोळ्यांना ते तसे दिसणे साहजिक आहे. मला मात्र हा उतारा वाचताना हसू येत नाही. शाहू महाराज सात वर्षांचे होते तेव्हा १६८९ मध्ये रायगड पडला आणि ते आईसह औरंगजेबाच्या कैदेत गेले. १७०७ मध्ये सुटले. अठरा वर्षे शत्रूच्या छावणीत वाढलेला हा मुलगा. बाहेर आला तर राज्यासाठी घरच्याच माणसांशी लढाई. पुढे चाळीस वर्षे राज्य केले. पेशवे मोठे झाले, सरदार मोठे झाले, प्रत्येक जण काहीतरी मागायलाच समोर उभा. अशा माणसाने आपली पगडी उतरवून कुणाच्या डोक्यावर ठेवावी? जो काही मागत नव्हता त्याच्या! ही माझी समजूत आहे, पुरावा नाही. पण ज्याला ‘वेड’ म्हटले तीच मराठेशाहीतल्या एका माणसाच्या कुत्र्यावरच्या मायेची लेखी नोंद होऊन बसली, हे तर खरेच.

आणि तरीही पाहा, खंड्या कसा होता ते आपल्याला कळत नाहीच. जरीच्या वस्त्रात तो गुपचूप बसला की अंग झटकून ते फाडू लागला? पालखीत बसायला तयार होता का? ज्याने कुत्रे पाळले आहे त्याला हे प्रश्न पहिल्यांदा सुचतील. भोयांनी पालखी उचलली की हा खाली उडी मारत असणार, असे मला उगीचच वाटते.

(जाता जाता नावांबद्दल. वाघ्या काय, खंड्या काय, दोन्ही नावांत मला जेजुरीच्या खंडोबाची सावली दिसते. खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि त्याचे भक्त ‘वाघ्या’ म्हणवतात. इंग्रजी अमलात मोत्या आणि काळ्याच्या जोडीला टॉमी आला. गोऱ्या शिपायाला इंग्रज लोक ‘टॉमी’ म्हणत. आमचा परतवाडा म्हणजे जुनी एलिचपूरची छावणी. तिथल्या एखाद्या कुत्र्याला पहिल्यांदा ‘टॉमी’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी माणसाच्या मनात कोण होते, देव जाणे.)

इंग्रजी राज्यात कागद वाढले, पण कुत्रा त्यांत आला तो उपद्रव म्हणून. मुंबईत भटकी कुत्री मारणाऱ्या शिपायांना दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने ते घरांच्या फाटकातली कुत्रीही उचलू लागले. जून १८३२ मध्ये पारशी मंडळी खवळली. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठे स्थान. मृताचे अंत्यदर्शनही कुत्र्याला घडवतात. शिपायांना मार बसला, दुकाने बंद झाली, पलटणीची रसद अडली, शेवटी फौज बोलवावी लागली. सरकारच्या लेखी तो दंगा. पण दंग्याच्या मुळाशी साधी गोष्ट होती: सरकारच्या हिशेबात जो ‘एक कुत्रा’ होता, त्याला घरात नाव होते.

मांजर या सगळ्यात कुठे आहे? ती वाघाशी लढत नाही, चितेत उडी घेत नाही, दंगा घडवत नाही. राजकीय इतिहासात तिला जागाच नाही. तिला शोधायचे तर घराच्या आठवणींत शिरावे लागते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्यात आईची लाडकी मांजर आहे, नाव मथी. आई गेल्यावर मथीने अन्नाला तोंड लावले नाही आणि आईच्या पाठोपाठ तीही गेली. गुरुजींनी चार ओळींत सांगितलेली ही गोष्ट माझ्या लेखी खंड्याच्या सनदेइतकीच मोलाची आहे. राजाच्या कुत्र्याला नाव मिळाले यात नवल नाही. कोकणातल्या एका गरीब घरच्या मांजरीचे नाव महाराष्ट्राला माहीत व्हावे हे नवल. ‘मांजर घराला धरून असते, माणसाला नाही’ असे आपण सर्रास म्हणतो. मथीची गोष्ट त्याला छेद देते.

आता पुन्हा मेळघाटात येतो, कारण आमच्याकडे हा विषय नुसता कौतुकाचा नाही. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ आणि बिबट्या आमच्या शेजारी राहतात. अंगणातला कुत्रा हा इथे पहिला पहारेकरी. मोहफुले वेचायला माणसे पहाटे अंधारात निघतात तेव्हा तो पुढे असतो. जाणती माणसे भुंकण्यावरून ओळखतात. रानडुक्कर असेल तर तो लांबवर धावत जाऊन भुंकतो. बिबट्या असेल तर आवाज तुटतो आणि कुत्रा मागे सरत सरत दारात येऊन माणसाच्या पायाला चिकटतो.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात (आपले अकोला नव्हे, ते अकोले) बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचे खाणे तपासले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्याच्या वजनापैकी ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, पण भक्ष्यात त्यांचा वाटा ११ टक्के. शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते, कुत्रा बाहेर असतो, हे त्यामागचे सरळ कारण असावे. शेळी गेली तर पंचनामा होतो, भरपाई मिळते. कुत्रा गेला तर काही नाही. घरचे दोन दिवस जेवत नाहीत, एवढेच.

नोंदीचे म्हणाल तर देशाच्या पशुगणनेत कुत्र्याला निदान रकाना आहे. हत्तीला आहे, याकला आहे, सशालाही आहे. मांजराला नाही. प्रकल्पातून बोरी, कोहा, कुंड ही गावे उठली, त्यानंतर आणखी उठली. अशा वेळी कुटुंबे मोजतात, जमीन मोजतात. कुत्रा सामानाच्या गाडीमागे धावत नव्या गावी जाऊ शकतो. घर धरून बसलेल्या मांजराचे काय करायचे, हे कोणत्या आदेशात लिहिणार?

म्हणून माझी एक विनंती आहे. घरोघरी जुने फोटो असतात. आजोबा खुर्चीत, आजी उभी, पोरे ओळीने, आणि कडेला अर्धवट आलेला, मान हलल्यामुळे पुसट झालेला एक कुत्रा. घरात ज्यांना त्याचे नाव आठवते ती माणसे आहेत तोवर त्यांना विचारून फोटोमागे पेन्सिलीने लिहून ठेवा. नाव, रंग, आणि त्याची एखादी खोड. नावापाशी थोडे जपून विचारा. कारण आमच्याकडे एक काळ्या गेला की पुढचे पिल्लूही काळ्याच होते, आणि म्हातारी माणसे त्यातल्या कोणत्या काळ्याबद्दल बोलत आहेत ते छत्रीची गोष्ट निघाल्याशिवाय कळत नाही.