सफरचंदाचा मान

इ. स. १६३९ मध्ये पॅरिसच्या दरबारातील इंग्रज वकील लॉर्ड स्कुडामोर मायदेशी परतला आणि हेरफर्डशायरातील आपल्या जहागिरीत सफरचंदांच्या बागा वाढविण्यात रमला. सायडर, म्हणजे सफरचंदाच्या रसाचे आंबवलेले मद्य, त्या मुलखाला नवे नव्हते. शेतमजुराच्या मजुरीतही त्याचा वाटा असे. पण फ्रान्सची द्राक्षमद्ये चाखून आलेल्या या सरदाराने गड्याच्या पेयाला सरदारी मेजवानीत बसविले. 'रेडस्ट्रीक' या जातीचा त्याने पुरस्कार केला. खाण्याला ती कठीण नि तुरट. पण मद्याला तुरटपणाच हवा. बी पेरले तर सफरचंद आईच्या वळणावर जात नाही, म्हणून कलमे बांधावी लागली. १६६४ साली जॉन ईव्हलिनच्या 'पोमोना' ग्रंथाने या विद्येला प्रतिष्ठा दिली. परदेशी दारूवर पैसा का दवडावा, हा त्यामागचा विचार. त्याला स्वदेशीच म्हणावयाचे!

हे वैभव टिकले नाही. १७६३ मध्ये सायडरवर कर बसला. प्रजा खवळली आणि १७६६ मध्ये तो बराचसा मागे घ्यावा लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीस रेडस्ट्रीकही खंगली. पुढे कारखाने आले. आटवलेला रस, साखर, पाणी आणि विकतचे किण्व यांवर बारमाही सायडर निघू लागले. ब्रिटनच्या आजच्या नियमानुसार पस्तीस टक्के रस असला तरी ते सायडरच!

या खेपेलाही सायडरला वाट दाखविली ती द्राक्षमद्यानेच. बोजोले प्रांतातील रसायनज्ञ झ्यूल शोव्हे (१९०७–१९८९) याने गंधकाचा आधार न घेता, फळावरच्या नैसर्गिक किण्वाने मद्य करण्याचा अभ्यास केला. त्याची अट एकच, पण कठोर: फळ निर्दोष हवे. म्हणजे कौशल्याचे ठिकाण तळघरातून मळ्यात गेले. १९९२ साली पॅरिसच्या एका नामांकित उपाहारगृहातील मद्यपारखी एरिक बोर्देले नॉर्मंडीच्या सीमेवरील आपल्या घरच्या बागेत परतला. द्राक्षमळेवाल्यांकडून शिकलेली दृष्टी त्याने सफरचंदाला आणि नाशपतीला लावली: माती पाहावी, जाती निवडाव्यात, रसाला थंडीत सावकाश आंबू द्यावे.

दोघेही पॅरिसहून परतले. दोघांमध्ये साडेतीन शतके. मधल्या काळात सफरचंद बदलले नव्हते. त्याच्याकडे पाहण्याची नजर तेवढी हरवली होती. आणि जुनी झाडे एकदा तोडली, की नजर परतली तरी कलमाला डहाळी कोठून आणणार?