पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन आणि न्यूझीलंड मड स्नेल

पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन (शास्त्रीय नाव: मेगाडिप्टीस अँटिपोडीस, माओरी नाव: होइहो) हा समुद्रपक्षी आणि न्यूझीलंड मड स्नेल (शास्त्रीय नाव: पोटॅमोपायर्गस अँटिपोडॅरम) ही गोड्या पाण्यातील गोगलगाय हे दोन्ही प्राणी मूळचे न्यूझीलंडचे आहेत. यांपैकी पेंग्विन मायदेशातच संकटग्रस्त आहे, तर गोगलगाय अनेक देशांत उपद्रवी ठरली आहे.

नाव

दोन्ही शास्त्रीय नावांच्या उत्तरपदाचा उगम ‘अँटिपोडीस’ या ग्रीक शब्दात आहे. पृथ्वीगोलावर आपल्या पायांच्या नेमक्या विरुद्ध बाजूस असणारे, असा त्याचा अर्थ होतो. युरोपीय लोक न्यूझीलंडच्या परिसरास उद्देशून हा शब्द वापरत. पेंग्विनाचे वर्णन १८४१ मध्ये, तर गोगलगाईचे १८४३ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रजनन

पेंग्विनाची मादी एका हंगामात सामान्यतः दोन अंडी घालते. किनाऱ्यालगतच्या झाडीत आडोशाला केलेल्या घरट्यात नर व मादी आळीपाळीने ती सुमारे सहा आठवडे उबवतात. पिलांचे संगोपनही दोघे मिळून करतात.

काही मिलिमीटर लांबीच्या या गोगलगाईची मादी नराविना प्रजनन करू शकते. यास अनिषेकजनन म्हणतात. भ्रूणांची वाढ मादीच्या शरीरातच होते. त्यामुळे नव्या जलाशयात एकच मादी पोहोचली, तरी तेथे वसाहत निर्माण होऊ शकते.

न्यूझीलंडमध्ये मात्र या गोगलगाईत लैंगिक प्रजननही आढळते. जेथे परजीवी पर्णकृमींचा प्रादुर्भाव अधिक, तेथे नरांचे प्रमाणही अधिक असते, असे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ कर्टिस लाइव्हली यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. लैंगिक प्रजनन का टिकून राहिले, या प्रश्नाच्या अभ्यासात ही गोगलगाय तेव्हापासून महत्त्वाची मानली जाते.

सद्यःस्थिती

न्यूझीलंडमध्ये वटवाघळांखेरीज मूळचे भूचर सस्तन प्राणी नव्हते. माणसाने आणलेले स्टोट, फेरेट, मांजर व कुत्रा हे प्राणी पेंग्विनाचे शत्रू ठरले. मासेमारीची जाळी, रोगराई व अधिवासाचा ऱ्हास यांचीही त्यात भर पडली. या देशाच्या पाच डॉलरच्या नोटेवर ज्याचे चित्र आहे, तो हा पक्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे.

गोगलगाईच्या बाबतीत याच्या उलट घडले. ती माणसाच्या वाहतुकीबरोबर परदेशी गेली आणि तिचे बहुतेक परजीवी मायदेशीच राहिले. एकोणिसाव्या शतकात ती ब्रिटनमध्ये आढळली, तर १९८७ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यातील स्नेक नदीत. काही प्रवाहांत तिची संख्या दर चौरस मीटरला लाखांवर गेली आहे. कवचाचे तोंड झाकणाने मिटून घेऊन ती ओलाव्यात पाण्याबाहेरही काही दिवस जगते. म्हणून मासेमारीचे बूट व साहित्य स्वच्छ करून पूर्ण वाळवणे, हा तिचा प्रसार रोखण्याचा प्रमुख उपाय आहे.

पेंग्विनाच्या घरी नवे शत्रू आले आणि गोगलगाईचे जुने शत्रू मागे राहिले; या दोन्ही बदलांचे कारण माणसाचा प्रवास हेच आहे.