दादरचा शिशुविहार व अंगणवाडीचें मूळ

निसर्गाच्या सहवासांत बालकांस शिकविणें हें प्राचीन गुरुकुलांचें पुनरुज्जीवन होय, असें विधान वारंवार वाचण्यांत येतें. उलटपक्षीं, अंगणवाडी १९७५ सालच्या सरकारी योजनेंतून निघाली, असाही समज रूढ आहे. हीं दोन्ही मतें आम्हांस ग्राह्य वाटत नाहींत.

गृह्यसूत्रांत ब्राह्मणबटूच्या उपनयनास सामान्यतः आठवें वर्ष सांगितलें असून क्षत्रियास अकरावें व वैश्यास बारावें सांगितलें आहे. अर्थात् तीन ते सहा वर्षांच्या बालकाची गुरुकुलांत सोयच नव्हती. सबब शिशुशिक्षणाचें मूळ तेथें शोधणें व्यर्थ होय.

तें मूळ अर्वाचीन आहे. मारिया माँटेसोरी यांनीं १९०७ सालीं रोम येथें बालगृह काढलें. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर स्थापून ती पद्धति या देशांत रुजविली. ताराबाई मोडक त्यांस तेथें येऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं दादर येथें शिशुविहार सुरू केला.

हें स्थळ लक्षांत घेण्याजोगें आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें दादर-माटुंगा भाग रुंद रस्ते व मोकळ्या जागा राखून आंखला. तेथून जवळच परळ-लालबागच्या चाळींत गिरणीकामगारांचीं कुटुंबें एकेका खोलींत रहात. मुलांस खेळावयास सामाईक गॅलरी तेवढी असे. माँटेसोरीचीं साधनेंही महाग. तेव्हां हें शिक्षण प्रथम मध्यमवर्गाच्याच वाट्यास आलें, असें शिशुविहाराचें श्रेय कमी न करतां म्हणावें लागतें.

ही मर्यादा खुद्द ताराबाईंनीं ओलांडली. १९४५ सालीं त्यांनीं तेव्हांच्या ठाणें, आतांच्या पालघर, जिल्ह्यांतील बोर्डी येथें केंद्र काढलें. अनुताई वाघ तेथें त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ सालीं कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. महाग साधनांच्या जागीं शिंपले, खडे, बिया व पानें आलीं. मूल शाळेंत येत नाहीं, तर शाळाच त्याच्या अंगणांत नेली, ती अंगणवाडी. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणावर नेली, ती कुरणशाळा.

येथें शब्दांची व्युत्पत्तीही साक्ष देते. ‘विहार’ हा शब्द वि-पूर्वक ‘हृ’ धातूपासून झाला असून त्याचा अर्थ स्वच्छंद फिरणें, क्रीडा. ‘अङ्गन’ हा गत्यर्थक धातूपासून, म्हणजे जेथें चालावें फिरावें ती जागा. दोन्ही नांवांत बालकाची हालचालच मुख्य आहे, बसविणें नाहीं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेनें हें नांव देशभर नेलें, आहार व आरोग्याची जोडही दिली. तथापि शहरांत अंगणवाडी पुष्कळदां एका लहानशा खोलींतच भरते. नांव राहिलें, अंगण गेलें. गिरण्यांच्या जागीं उंच इमारती उठलेल्या परळ-लालबागांत तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. कारण ज्या चाळींतील बालकांस १९३६ सालीं अंगण लाभलें नाहीं, त्यांच्या नातवंडांसही तें लाभूं नये, हें उचित नव्हे.

दादर-गिरगांवांतील जुन्या कुटुंबांत त्या काळच्या शिक्षणपत्रिकेचे अंक वा बालवर्गांचीं टिपणें असल्यास तीं जपून ठेवावींत, व अभ्यासकांस दाखवावींत, अशी आमची विनंति आहे.