दुसरी कोण?

शाळेत असताना सामान्य ज्ञानाची पुस्तकं आपण सगळ्यांनीच पाठ केली आहेत. पहिली महिला डॉक्टर, पहिली महिला पायलट, पहिली महिला अमुक, पहिली महिला तमुक. दुसरीचं नाव कुणी विचारत नाही, परीक्षेत तर नाहीच! पण विज्ञान आणि इंजिनियरिंगमधल्या बायकांचा इतिहास वाचायला लागल्यापासून मला वाटू लागलंय की खरी गोष्ट दुसरीपाशी सुरू होते. पहिली जिद्दीने आत शिरते. दुसरी आली की पहिलीला बोलायला कुणीतरी मिळतं, आणि तिसरीला विचारायला.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचंच बघा. १९१९ साली तिथे इंजिनियरिंग शिकणाऱ्या लू अल्टा मेल्टन, हिल्डा काउंट्स आणि एल्सी ईव्ह्ज या विद्यार्थिनींनी स्त्री इंजिनियर आणि आर्किटेक्ट यांची देशभराची संघटना काढायचं मनावर घेतलं. सुरुवात कुठून करणार? त्यांनी पत्रं लिहिली. ठिकठिकाणच्या इंजिनियरिंग कॉलेजांना एकच विचारणा: तुमच्याकडे मुली शिकतात का, शिकून गेल्या आहेत का? काहींनी नावं कळवली. एका ठिकाणाहून मात्र उत्तर आलं ते अशा अर्थाचं, की आमच्याकडे मुली नाहीत, कधी नव्हत्या आणि एवढ्यात येतील असंही वाटत नाही!

ती संघटना काही टिकली नाही. पण 'आपल्यासारखी आणखी कोण आहे?' हा प्रश्न टिकला. १९४०च्या दशकाच्या शेवटी फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बॉस्टन अशा शहरांत विद्यार्थिनी आणि नोकरी करणाऱ्या इंजिनियर बायकांचे छोटे छोटे गट जमू लागले. मे १९५० मध्ये न्यू जर्सीतल्या एका शिबिराच्या जागी पन्नास-साठ जणी एकत्र आल्या आणि 'सोसायटी ऑफ विमेन इंजिनियर्स' उभी राहिली. बिएट्रिस हिक्स तिच्या पहिल्या अध्यक्ष. कॉलेजांतल्या मुलींनी चालवलेल्या तिच्या शाखा आजही आहेत.

आता आपल्याकडे येऊ. कमला भागवत, म्हणजे लग्नानंतरच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या बोलीवर दिला. ही गोष्ट मराठी घरांत खूपदा सांगितली जाते. त्यामानाने श्रीनिवासय्या सरांचं नाव कमी घेतलं जातं. कडक शिस्तीचे, पण त्यांनी कमलाबाईंना मनापासून शिकवलं. पुढे केंब्रिजमध्ये डेरेक रिक्टर यांनी आपलं प्रयोगाचं टेबल दिवसा त्यांना दिलं आणि स्वतः रात्री काम केलं. १९३९ मध्ये कमलाबाईंना पीएच.डी. मिळाली. दार उघडणं वेगळं आणि आत आल्यावर टेबल मिळणं वेगळं. आणि हो, बंगळूरला त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि इतर मुलींनाही तिथे प्रवेश मिळू लागला. दुसरी आली!

मद्रासच्या गिंडी कॉलेजात हेच जास्त स्पष्ट दिसतं. ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात चार महिन्यांची मुलगी. वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक. त्यांच्या खटपटीने १९४० मध्ये ललितांना इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. पण शेकडो मुलांत ही एकटीच मुलगी. तेव्हा कॉलेजने मुलींनीही अर्ज करावेत म्हणून जाहिरात दिली, आणि लीलाम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया सिव्हिलला आल्या. ललितांच्या प्रमाणपत्रावरचा छापील 'ही' खोडून 'शी' करावा लागला होता म्हणे. एका जाहिरातीने किती फरक पडला पाहा: थ्रेसिया पुढे १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या चीफ इंजिनियर झाल्या.

आणि मग हे दोन धागे एकत्र येतात. १९६४ च्या जूनमध्ये त्याच अमेरिकन सोसायटीने न्यूयॉर्कला स्त्री इंजिनियर आणि वैज्ञानिकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. ३५ देशांतून बायका आल्या. ललिता तिथे गेल्या त्या स्वतःच्या बळावर, कारण त्यांना पाठवणारी अशी संघटना भारतात नव्हतीच. परत आल्यावर मात्र त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६७ ची दुसरी परिषद इंग्लंडमध्ये केंब्रिजला होती, तिथे भारतातून आणखी स्त्री इंजिनियर जाव्यात म्हणून त्या झटल्या.

हल्ली कॉलेजातल्या मुली एकत्र येऊन कार्यशाळा घेतात, माजी विद्यार्थिनींना बोलावतात, सीनियर मुली ज्युनियरना हाताशी धरतात. यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "आता मुली शिकतातच की, वेगळं कशाला?" कशाला ते सांगतो. कुठली इंटर्नशिप चांगली, कुठल्या सरांकडे प्रोजेक्ट करावं, मुलाखतीत काय विचारतात, ही माहिती नोटिसबोर्डावर लागत नसते. ती हॉस्टेलच्या खोलीत आणि चहाच्या टपरीवर रात्री अकरा वाजता मिळते. मुलांना ती आपसूक मिळते. वर्गात चारच मुली असल्या तर त्यांना ती जागा मुद्दाम तयार करावी लागते. हे लाड नव्हेत. तो कट्टा आहे, उशिरा बांधलेला.

असो. आपल्या घरातही कुणी आत्या, मावशी, काकू सायन्सला किंवा इंजिनियरिंगला गेलेली असेल. आपण तिला नेहमी विचारतो, तू पहिलीच का गं? या वेळी एवढंच विचारा: तुझ्याबरोबर आणखी कोण होतं? आणि तुझ्यानंतर कोण आलं?