तडा मातीचा की वाऱ्याचा?

देहूरोडला एप्रिलच्या भर दुपारी स्लॅब पडतो, दिवस मावळायच्या आत त्यावर चिरा दिसतात आणि निकालही तिथेच लागतो: "सिमेंटात माती घातलीये, आकसणारच!" भाजलेली चिकणमाती, चुनखडी आणि क्लिंकर यांच्या मिश्र सिमेंटवर हा ठपका गवंडीही ठेवतो आणि जाणता अभियंताही.

त्यांची बाजू पोकळ नाही. चिकणमाती सुकली की भेगाळते. मावळातली उन्हाळी भातखाचरे त्याची साक्ष देतात. शिवाय ही पूड बारीक असते, पाणी जास्त मागते. दोन्ही गोष्टी मान्य. निष्कर्ष अमान्य.

खाचरातली माती कच्ची असते. सिमेंटातली सुमारे ७०० ते ८५० अंशांवर भाजलेली असते. त्या आचेत मातीतल्या केओलिन या खनिजाच्या स्फटिकात बांधलेले पाणी निघून जाते आणि स्फटिकाची घडीच मोडते. उरते ती चुन्याशी संयोग पावून घट्ट होणारी पूड. वीट पावसात भिजते. तिचा कधी चिखल होतो का? जुन्या बांधकामांतल्या चुन्यात विटांची सुरखी कालवत, ती याच गुणासाठी. भाक्रा धरणाच्या काँक्रीटमध्येही भाजलेल्या शेलची पूड आहे.

मग चिरा कशाच्या? आधी घड्याळ पाहा. काँक्रीट घट्ट होण्याआधीच, पहिल्या काही तासांत पडलेली चीर ही पृष्ठभागावरचे पाणी उडाल्याची खूण असते. चौरस मीटरमागे तासाला एक किलो पाणी उडू लागले की धोका, असा ढोबळ दंडक आहे. ऊन आणि कोरडा वारा एकत्र आले की ही मर्यादा कोणत्याही सिमेंटच्या काँक्रीटमध्ये ओलांडली जाऊ शकते. बारीक पुडीमुळे या मिश्रणातून वर येणारे पाणी कमी, म्हणून चकाकी लवकर विरते, हे मी कबूल करतो. पण त्यावर उपाय म्हणून मिक्सरमध्ये बादलीभर पाणी ओतणे हा शुद्ध अडाणीपणा आहे! पुढे सुकताना होणारे आकुंचन त्यानेच वाढते. पातळपणा हवा तर सुपरप्लास्टिसायझर आहे.

पाण्याचे प्रमाण फार कमी ठेवले, तर काँक्रीट आतल्या आत पाणी शोषून सुरुवातीलाच थोडे जास्त आकसू शकते. सामान्य स्लॅबला मात्र ही भीती लागू नाही. उशिराच्या, सुकण्याच्या आकुंचनात तर हे सिमेंट साध्या सिमेंटच्या आसपासच राहते.

२०२३ मध्ये या सिमेंटला आयएस १८१८९ हे भारतीय मानक मिळाले. मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस पाणी द्या, शक्य तर १४, असे आयएस ४५६ सन २००० पासून सांगते. आरोप करणाऱ्याला वाचकांनी एवढेच विचारावे: तुमच्या स्लॅबवर ओले गोणपाट किती वाजता पडले आणि किती दिवस राहिले?