तेरच्या हातांवरच्या भेगा

डिसेंबर उजाडला की माझ्या अम्मीच्या बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या. पहाटेच्या गारठ्यात तेरणेवर धुणं, मग घरी येऊन राखेनं भांडी. कालवणाचं तिखट भेगेत गेलं की ती "या अल्ला" म्हणत हात झटकायची. पण तिच्याहून वाईट हात होते शेजारच्या कुंभारीण मावशीचे. ओली माती कातडीचं तेल काढून घेते, आणि उरलेली ओल थंडीची कोरडी हवा नेते. मडक्यावर थापटणं चालवता चालवता तिच्या भेगेतून रक्त यायचं.

तेर म्हणजे जुनं तगर. ही ओळख फ्लीट या संशोधकानं १९०१ मध्ये पटवून दिली. पहिल्या शतकात कुणा अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर आहे. इथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई. त्याच ग्रंथात भडोचमागच्या मुलखाच्या मालाची यादी आहे : गहू, तांदूळ, कापूस, तूप आणि तिळाचं तेल. यातलं तूप-तेल जहाजांनी थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याला उतरे. यादीत तेल आहे, कापड आहे. ज्या हातांनी ते केलं ते हात मात्र नाहीत.

ते पाहायचे तर तेरच्या लामतुरे संग्रहालयात जावं. तिथल्या मातीच्या बाहुल्या दोन अर्ध्या साच्यांत बोटांनी माती दाबून घडवलेल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी थंडीतही तसंच दाबत बसलं असेल.

याच गावात तेराव्या-चौदाव्या शतकात गोरोबाकाका झाले. शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडले आणि विठ्ठलानं ते परत दिले, ही कथा मी पहिल्यांदा मावशीच्याच तोंडून ऐकली. कथा संपवून ती आपले तळवे निरखत म्हणायची, "देवानं हात दिले बघ, पण वर तेलाची वाटी द्यायची राहिली." आणि स्वतःच खळखळून हसायची.

वाटी तिनं स्वतःच शोधली होती. पळीत तिळाचं तेल तापवायचं, त्यात मोहोळाच्या मेणाचा खडा विरघळवायचा आणि डबीत थिजू द्यायचं. रात्री हात कोमट पाण्यात बुडवायचे, नुसते टिपून घ्यायचे आणि ओलसर असतानाच मलम चोळायचं. तेल काही पाणी देत नाही, आत असलेली ओल अडवून धरतं. म्हणून आधी पाणी. अम्मीला हे तिनंच शिकवलं. आमचे वैद्य अशाच मिश्रणाला सिक्थतैल म्हणतात. दुसऱ्या शतकातल्या रोममध्ये गेलेन या वैद्यानं तेल, मेण आणि पाणी घोटून असंच मलम केलं. आजच्या कोल्डक्रीमचा उगम तिथवर नेतात. मावशीला गेलेन ठाऊक असायचं कारण नव्हतं.

अम्मी गेली, मावशीही गेली. हिवाळ्यात मी दुकानातली डबी वापरतो. मावशी असती, तर तिनं डबीकडे बघितलंही नसतं. आधी हात ओले केलेस का, एवढंच विचारलं असतं.