‘सिंथेटिक’ शब्दाचा निवाडा

“साधं टाकू की सिंथेटिक?” मेस्त्रीच्या या प्रश्नातला दुसरा शब्द कुठून आला, याचा माग काढत मी १९९९ सालच्या अमेरिकेत पोहोचलो.

मोबिल कंपनी १९७४ पासून ‘मोबिल १’ विकत होती. त्यातले मूळ तेल छोटे रेणू जोडून घडवलेले. कॅस्ट्रॉलने (हे नाव एरंडेलावरून, म्हणजे कॅस्टरवरून पडलेले!) नव्वदीच्या दशकात आपल्या ‘सिन्टेक’मधून तसले तेल काढले आणि खनिज तेलच हायड्रोजनच्या दाबाखाली मोडून, शुद्ध करून घातले. डब्यावरचा शब्द मात्र तोच. मोबिलने तक्रार केली. न्यायालयात नव्हे, जाहिरातींची छाननी करणाऱ्या उद्योगांच्याच एका मंडळाकडे. निकाल लागला कॅस्ट्रॉलच्या बाजूने: प्रक्रियेत रेणूंची रचनाच बदलते, तेव्हा ‘सिंथेटिक’ म्हणायला हरकत नाही.

मला हा निकाल रसायनशास्त्राच्या दृष्टीने पटतो, गिऱ्हाइकाच्या दृष्टीने नाही. हे तेलही साध्यापेक्षा उष्णतेत कमी करपते, हे खरे. पण एकाच शब्दाखाली दोन वेगळी तेले आली. म्हणून मी आधी गाडीच्या पुस्तिकेतला ग्रेड आणि दर्जाचा संकेत पाहतो, तोच डब्याच्या मागे बारीक अक्षरांत शोधतो. पुढचा ठळक शब्द सगळ्यात शेवटी.